कॉफी करारात होती का?

तुम्ही माझ्या सासूला भाड्यानं घेतलंत आणि आम्हाला कळवलं नाहीत. मग तिच्याच घरात, तिच्या पोटच्या मुलीच्या हातातून कॉफीचा कप काढून घेतलात. हे दोन्ही आरोप मी तुमच्यावर उघड करतोय. तुमच्या कचेरीतून आतापर्यंत मला तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच ओळ आहे: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी अभिप्राय दिलेला नाही. अभिप्राय तुमच्या सूपबद्दल देता येईल, ते गरम पाणी होतं.

तुम्हाला आमची ओळख फक्त केबिनच्या नंबरानं आहे, म्हणून सांगतो. मी काताल्दो. तारांतोच्या आतल्या समुद्रात अडतीस वर्षं दोरांवर काळे शिंपले वाढवले आणि गुडघे गेले तेव्हा थांबलो. माझी बायको मिम्मा. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आमच्या रुज्जेरोनं, तो तोरिनोत असतो, तुमच्या बोटीची तिकिटं पाठवली. भूमध्य समुद्र, नऊ दिवस, सहा ऐतिहासिक बंदरं, सहलींसकट.

मला समुद्राचं कौतुक नाही. ज्यानं आयुष्यभर त्यात हात घातला त्याला तो बाल्कनीतून बघायला काय मजा वाटणार? पण मिम्मानं छापील कागदावर बोट ठेवलं. पाचवा दिवस, मंगळवार, तारांतो.

"म्हणजे रेल्वेनं अख्खी इटली चढून गेनोव्हाला जायचं," मी म्हणालो, "आणि तिथून बोटीनं परत घरी यायचं?"

"घरी नाही. आईकडे," ती म्हणाली.

"आईकडे तू दर रविवारी जातेस. पूल ओलांडला की आली."

"रविवारी मुलगी जाते. मंगळवारी पाहुणी जाईल. लांबून आलेल्या माणसाला ती तशीच परत पाठवणार नाही."

तिला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. तुम्हाला कळणार नाही. आमच्या गल्लीत घरी आलेल्या माणसापुढे कॉफी येते. विजेचा मीटर बघायला आलेल्यापुढे येते, घर चुकून आत शिरलेल्यापुढेही येते. नाही आली तर समजायचं, तुम्ही आलेलाच नाही आहात. ती मागायची नसते. दुसऱ्याच्या चुलीवर आपण होऊन ठेवायची तर मुळीच नसते, ते फक्त मयताच्या घरी करतात. आणि समोर आलेली कॉफी न पिता सोडणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांमुळे आम्ही जुन्या गावातून पुलापलीकडे, लिफ्ट असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. माझी सासू डोन्ना नुंझिया तेव्हा एकच वाक्य बोलली: "ज्यांना स्वतःच्या घरी जायला यंत्र लागतं त्यांच्याशी मी काय बोलू?" आणि खरंच बोलली नाही. मिम्मा दर रविवारी जायची, खुर्चीवर बसायची, तासाभरानं उठायची. कॉफीचं भांडं फळीवर पालथं असायचं. तीन वर्षांचे रविवार मोजा. मी मोजलेले नाहीत. मिम्मानं मोजलेत.

तर आम्ही निघालो. मार्सेय, पालेर्मो, वालेत्ता. सगळीकडे एक किल्ला, एक चर्च आणि फ्रिजवर लावायच्या चुंबकांचं एक दुकान. किल्ल्याला चौदा मिनिटं, चर्चला चौदा मिनिटं, दुकानाला पाऊण तास. छातीवर हिरवा स्टिकर, त्यावर सतरा. पुढे तुमची गाइड ऑर्नेल्लाबाई, पादोवाची, आवाज साखरेत घोळलेला, हातात पिंगपाँगच्या बॅटसारखी पाटी, तिच्यावरही सतरा. कानात तुम्ही दिलेलं इयरफोनचं बोंडूक. त्यातून ती बोलते ते आपल्याला ऐकू येतं, आपण बोलतो ते तिला ऐकू जात नाही. हे यंत्र ज्यानं शोधलं तो नक्की तुमच्याच तक्रारखात्यात काम करत असणार.

पाचव्या दिवशी सकाळी शिडीपाशी आलो. समोर आमचं गाव. मिम्मानं निळा झगा घातला होता, गळ्यात मोती होते. वालेत्तात बदामाची मिठाई घेतली होती, ती छातीशी धरून उभी. शिडीवर तुमची एक बाई यंत्रावर कार्डं तपासत होती.

"आम्ही इथलेच," मी म्हणालो. "सहल नको. ती पिवळी भिंत दिसते ना, तिच्यामागे आमची गल्ली. चालत जाऊन येतो."

"किती छान," ती म्हणाली. "पण तुमचा हिरवा आहे."

"मग?"

"हिरव्याला चालत जाता येत नाही. चालणं निळ्याला आहे. हिरवा गटानं उतरतो."

"बाई, मी या धक्क्यावर पोहायला शिकलो."

"पोहणं तर कोणालाच नाही," ती म्हणाली, आणि यंत्र वाजलं.

असा मी जन्मगावी बसमध्ये बसून गेलो. धक्क्यापासून जुनं गाव हाकेच्या अंतरावर आहे. बसनं गोल फिरून वीस मिनिटं घेतली, कारण तिकिटावर 'नयनरम्य मार्ग' लिहिलं होतं.

ऑर्नेल्लाबाई आम्हाला आमचं गाव दाखवू लागली. देवळाचे दोन खांब उभे आहेत तिथं तिनं सांगितलं की हे खलाशी होड्या बांधायला वापरत. मी मागून ओरडलो, "होड्या बांधायला? ते पाण्यापासून केवढे वर आहेत, दिसत नाही?" सगळ्यांनी कानातलं बोंडूक चाचपलं. आवाज त्यातून आला नव्हता, म्हणून तो धरला नाही.

मासळीवाल्या एजिदिओनं आम्हाला गाठलं. आम्ही एका गल्लीत लहानाचे मोठे झालो. तो टोपलीवर पाणी मारता मारता थांबला, स्टिकरकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे.

"काय रे काताल्दो, हरवलास की विकला गेलास?"

"गप बस."

"गप कसा बसू? पैसे भरून बघायला आलास ना? मग बघ. मिम्मा, इकडे डावीकडे बघ, हा ऐतिहासिक एजिदिओ. चौदाव्या शतकातला. हात लावू नकोस, रंग जाईल."

"तुझा रंग तुझ्या बायकोनं कधीच घालवलाय," मिम्मा म्हणाली. तेव्हा ती हसत होती. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू.

कारण पुढच्या वळणावर ऑर्नेल्लाबाईनं पाटी वर केली आणि म्हणाली, "आता आपला चौथा थांबा. अस्सल घर, अस्सल आजी." आणि गट सतरा आमच्या गल्लीत शिरला. दुसरं दार, तिसरं दार. मिम्माची चाल मंद झाली. पाचव्या दारावर तुमचा पुठ्ठा लटकत होता: थांबा ४. ते माझ्या सासूचं दार.

आम्ही रविवारी जातो. बोटी मंगळवारी येतात. त्यामुळे मे महिन्यापासून चाललेलं हे आम्हाला कळलं नव्हतं. गल्लीत कोणी बोललं नाही, कारण डोन्ना नुंझियानं बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि आमच्या गल्लीत पोलिसांपेक्षा तिचं जास्त ऐकतात.

एका खोलीच्या घरात बावीस माणसं शिरली. सासू मधोमध, काळ्या कपड्यांत, केस चोपून विंचरलेले, हात मांडीवर. सत्त्याऐंशी वर्षांची बाई राणीसारखी बसली होती.

"ही सिन्योरा नुंझिया," ऑर्नेल्लाबाई इंग्रजीतून म्हणाली. "इथलं सगळं खरं आहे. पलंग खरा आहे. काचेखालचा संत खरा आहे. कृपया कशाला हात लावू नका. सिन्योरालाही."

एका म्हातारबुवांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"सिन्योरा एकट्या राहतात. त्यांची एकुलती एक मुलगी त्यांना सोडून दूर निघून गेली."

"कुठं?" एका डच बाईनं विचारलं.

"पाण्यापलीकडे," ऑर्नेल्लाबाई हळूच म्हणाली.

पूल ओलांडायला दोन मिनिटं लागतात. खाली पाणी आहे, एवढं खरं. डच बाईनं डोळे पुसले. तिच्या शेजारी मिम्मा उभी होती, निळ्या झग्यात, छातीवर सतरा, हातात मिठाई.

सासूनं मुलीला पाहिलं. चेहरा हलला नाही. ती आमच्या बोलीत बोलली. पादोवाच्या माणसाला आमची बोली समजते तेवढीच मांजरालाही समजत असेल.

"आज मंगळवार. तुझा वार रविवार."

"सिन्योरा आपलं स्वागत करतायत," ऑर्नेल्लाबाई म्हणाली.

"हे काय मांडलंयस मम्मा?" मिम्माचा आवाज चिरका झाला. "आणि केस कुणी विंचरले?"

"कंपनीची बाई येते विंचरायला. मुलीला वेळ नव्हता."

"तू डोक्याला हात लावू देत होतीस का?"

"बघा," ऑर्नेल्लाबाई खूश झाली. "आपल्या एका पाहुण्यांनी स्थानिक बोलीचे चार शब्द शिकून घेतले आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"परदेशी गेले म्हणून सांगतेस लोकांना?"

"मी सांगितलं, गेली. कुठं ते त्यांनी लावलं. मी कशाला खोडू?"

"दर रविवारी येते मी."

"येतेस. बसतेस. घड्याळ बघतेस. वसुलीच्या कारकुनासारखी."

"सिन्योरा पास्त्याची पारंपरिक कृती सांगतायत," ऑर्नेल्लाबाई म्हणाली. दोघांनी ती वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली.

"मग कुठं बघू?" मिम्मा म्हणाली. "तू तोंड उघडत नाहीस. तीन वर्षं मी तुझ्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग बघतेय. पाठ झालाय मला तो."

सासूनं त्या डागाकडे बघितलं. बावीस माणसं श्वास रोखून उभी होती, आणि त्यांना वाटत होतं कृतीत आता मीठ पडणार. मग म्हातारीनं विचारलं, वेगळ्याच आवाजात, "ती लिफ्ट वर जाते तेव्हा पोटात गोळा येतो का?"

"येतो."

"अजून?"

"रोज येतो, मम्मा. डोळे मिटून उभी राहते."

तीन वर्षांत आईनं मुलीला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तिथं होतो, मी ऐकला. बाकीच्यांनी त्याचे फोटो काढले.

सासू उठली. फळीवरचं पालथं भांडं सरळ केलं. पाणी भरलं, कॉफी घातली, शेगडी पेटवली. भांडं खदखदायला लागेपर्यंत तिनं वळून बघितलं नाही. एकच कप काढला. दोन चमचे साखर घातली, वर लिंबाच्या सालीचा नखभर तुकडा टाकला. मिम्मा लहानपणी आजारी पडली की तिला अशीच मिळायची, हे मला मिम्मानं लग्नानंतर पहिल्याच थंडीत सांगितलं होतं. म्हातारी कप घेऊन चार पावलं चालली आणि तिनं तो माझ्या बायकोपुढे धरला. मिम्मानं मिठाईचा डबा काखेत मारला आणि दोन्ही हातांनी बशी घेतली.

ती ओठाला लावणार, तेवढ्यात ऑर्नेल्लाबाई पुढे आली.

"माफ करा हं. किनाऱ्यावरचं पेय हिरव्याला नाही. आस्वाद सोनेरीला आहे."

तिनं दोन बोटांनी बशी उचलली, थेंब न सांडता. हे तिला चांगलं जमतं, कबूल करतो. मागे एक उंच बेल्जियन उभा होता, निवृत्त दातांचा डॉक्टर, नाश्त्याला आमच्याच टेबलाशी असायचा. त्याच्या छातीवर सोनेरी स्टिकर. त्याच्या हातात कप गेला.

"ठेव तो कप खाली," मी ओरडलो.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. डॉक्टरनं मला मान लववली, एका घोटात कॉफी संपवली आणि म्हणाला, "जरा गोड आहे."

मी त्याची कॉलर धरायला गेलो. मधे पलंग होता, खरा पलंग, आणि त्यावर चार बायका टेकल्या होत्या. मिम्मा तशीच उभी. हात पुढे, हातात काही नाही. तिनं कप ओढून परत घेतला नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडे हिरवा आहे." ते मला अजून सहन होत नाही. पाच दिवसांत तुम्ही माझ्या बायकोला एवढं शिकवलंत.

सासूनं रिकामा कप उचलला, त्याच्या तळाशी बघितलं, मोरीत ठेवला.

"चला," ती म्हणाली. "बाहेर पुढचे उभे आहेत."

बाहेर खरंच गट अठरा उभा होता. आम्हाला गल्लीच्या दुसऱ्या टोकानं काढलं. तिथं चुंबकांचं दुकान होतं. मिठाईचा डबा मिम्मानं बसमध्ये माझ्या मांडीवर ठेवला आणि बोटीवर गेल्यावर केबिनचं दार लावून घेतलं. कोर्फू मी एकट्यानं पाहिलं. किल्ला, चर्च, दुकान. त्रिएस्तेला तुम्ही आम्हाला उतरवलंत आणि आम्ही पुन्हा रेल्वेनं अख्खी इटली उतरून घरी आलो.

रविवारी आम्ही सासूकडे गेलो. मिम्मा खुर्चीवर बसली. भांडं फळीवर पालथं. अर्धा तास गेला. मागायची नसते, पण विचारायला कुठे बंदी आहे?

"डोन्ना नुंझिया," मी म्हणालो, "मंगळवारची कॉफी तुम्ही कुणासाठी केली होती?"

"प्यायलं कोण?"

"तो दातांचा डॉक्टर."

"मग त्याच्यासाठी."

"म्हणजे कंपनीनं सांगितलं होतं? करारात होती?"

"करार कंपनीकडे. त्यांनी ती मोबाइलसारखी काच पुढे केली, मी बोट टेकवलं. बोट माझं, काच त्यांची. काय लिहिलंय ते त्यांना विचार."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला सगळं माहीत आहे," सासू म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

आता गल्लीची दोन तोंडं झालीत. एजिदिओ म्हणतो, करारातच असणार. बोट आली की त्या घरातून कॉफीचा वास यायचा, त्याला टोपल्यांपाशी यायचा. समोरची विधवा लुक्रेझिया म्हणते, तो वास माझ्या घरचा, आणि या मासळीवाल्याच्या नाकावर कोणी विश्वास ठेवावा? पाद्रीबाबांना विचारलं तर ते म्हणाले, साखर दोन चमचे होती ना, मग आईचीच. एजिदिओ म्हणाला, "बाबा, आमच्या गल्लीत परक्यालाही दोनच चमचे घालतात." पाद्रीबाबांनी हे प्रकरण वर पाठवता येणार नाही म्हणून सांगितलं.

खरी गाठ सांगितली ती लुक्रेझियानं. ती म्हणाली, "काताल्दो, कॉफी करारातली असेल तर म्हातारीनं अजून माफ केलेलं नाही. मिम्मानं गपचूप रविवारी जात राहावं. पण करारातली नसेल, तर ती म्हातारीनं मुलीला दिली होती, आणि मुलीनं ती परक्या पुरुषाच्या हातात जाऊ दिली. आईच्या डोळ्यांदेखत. मग गुन्हेगार कोण?"

मिम्मानं हे ऐकलं आणि ती दोन दिवस जेवली नाही.

सासूला विचारून उपयोग नाही, हे तुम्हाला आता कळलं असेल. पुढच्या मंगळवारी जाऊन बघू म्हटलं, तर आमचीच मोसमातली शेवटची बोट होती. आता एप्रिलपर्यंत तुमची एकही बोट इकडे फिरकत नाही. सासू सत्त्याऐंशीची आहे. मी तुमच्या बाईला फोनवर एवढंच म्हणालो, तर तिनं एप्रिलच्या सहलीवर सवलत देऊ केली. ऑर्नेल्लाबाईला गाठलं तर ती म्हणाली, सोनेरीला आस्वाद असतो, पण कुठल्या थांब्यावर कसला, ते तिच्या कागदात नसतं. तिनं समोर कप दिसला म्हणून सोनेरी शोधला. म्हणजे तिलाही ठाऊक नाही. ठाऊक फक्त तुम्हाला आहे. ज्या काचेवर त्या म्हातारीनं बोट टेकवलं ती तुमच्या कपाटात आहे.

करार गोपनीय आहे, असं तुमचं तिसरं पत्र म्हणतं. मला करार नको. तुम्ही तिला काय देता ते नको, केस विंचरणारीचं नाव नको. मला त्यातली एक गोष्ट हवी आहे.

मिम्मा आईच्या पायाशी बसायला तयार आहे. चाळीस वर्षांत मी तिला कुणापुढे वाकलेली पाहिली नाही, पण ती तयार आहे. फक्त तिला चुकीच्या कपासाठी माफी मागायची नाही. तो कप तिचा नव्हताच असं निघालं, तर डोन्ना नुंझिया तिला उरलेलं आयुष्य हसेल, आणि मग पुढची कॉफी आम्हाला तिच्या मयतालाच मिळेल, तीही स्वतः उठून करावी लागेल.

म्हणून विचारतो, आणि यावेळी मोलाचा अभिप्राय वगैरे लिहू नका. थांबा चार, सिन्योरा नुंझिया, मंगळवार. तिनं पाहुण्यांना कॉफी द्यायची असं तुमच्या करारात लिहिलं होतं का? हो की नाही? रविवारच्या आत सांगा.